शकुआत्याचं ऐकू न येणं

शकुआत्याला कमी ऐकू येतं, असं रिसालीतल्या आमच्या गल्लीनं ठरवूनच टाकलं होतं. कुम्हारीच्या एका कारखान्यात तारेच्या जाळ्या विणणाऱ्या मशीनींच्या खडखडाटात तिनं निम्मं आयुष्य काढलं होतं, तेव्हा कान गेले असतील यात कुणाला नवल वाटत नव्हतं. कोणी बोलायला आलं की ती उजवा तळहात कानामागे धरायची, मान पुढे काढायची आणि म्हणायची, "मोठ्यानं बोल बाबू, मले आयकू नाई येत."

मग समोरच्याला मोठ्यानं बोलावं लागायचं. गल्ली अरुंद, घरं एकमेकांना चिकटलेली. जे आत्याला सांगायचं ते आपोआप सगळ्यांना सांगून व्हायचं.

मला शंका आली ती चटणीमुळे. एकदा आई स्वयंपाकघरात, अगदी बाबांनाच ऐकू जावं अशा आवाजात म्हणाली, "यंदा शकुबाईच्या जवसाच्या चटणीत मीठ जास्त झालं." दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या वाटी घेऊन दारात उभी. "घे वं, हे बिनमिठाची. खाऊन सांग." आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यानंतर मी लक्ष ठेवलं. चौथ्या घरात दूध उतू जाताना तिला ऐकू यायचं. सिलेंडरच्या गाडीचा हॉर्न ती सगळ्यांच्या आधी ऐकायची. ऐकू यायचं नाही ते फक्त माणसानं मान खाली घालून, ओठांतल्या ओठांत सांगितलेलं.

आमच्या मागच्या ओळीत एक नवी सून आली होती. ती एकदा हळद मागायला आत्याकडे आली आणि हळद घेऊन जाईना. काहीतरी पुटपुटली. आत्यानं हात कानाला लावला. ती पुन्हा पुटपुटली. "मोठ्यानं बोल ना माय." तिसऱ्यांदा त्या पोरीच्या तोंडून जवळजवळ किंकाळीच निघाली, "मारते तो मले!" समोरच्या, शेजारच्या, वरच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. आत्या शांतपणे म्हणाली, "आता आलं आयकू." त्या संध्याकाळी त्या नवऱ्याच्या दारात गल्लीतल्या सात-आठ बाया चहा प्यायला जाऊन बसल्या. काही बोलल्या नाहीत. नुसता चहा प्यायल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या.

"आत्या, हे जरा क्रूर नाही का?" मी विचारलं होतं. "तिला किती लाज वाटली असेल."

"लाज तिले कावून वाटावं? मारून तो राहिला होता."

हे तिचं सगळं तत्त्वज्ञान. यापेक्षा जास्त ती कधी बोलली नाही. ती भंडाऱ्याकडच्या कोणत्या गावची, नवरा कधी वारला, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी तिला ओळखते ती तिच्या दारातल्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीवरून. खुर्चीचा एक पाय मोडला होता आणि तो तिनं कारखान्यातल्या तारेनं असा आवळून बांधला होता की बाकीचे तीन पाय आधी मोडले असते. साडीवरून ती पुरुषाचा खाकी शर्ट घालायची. कारखान्यातल्या सगळ्याच बाया घालायच्या, तारेची टोकं अंगाला लागू नयेत म्हणून. आत्या तो लग्नालाही घालून गेली असती. हातांवर तारेच्या ओरखड्यांच्या बारीक पांढऱ्या रेघा होत्या. पेरूला मीठ लावताना त्या हातांचा वेग बघत राहावंसं वाटायचं.

आमच्या घरी पत्रकांची एक ट्रंक आहे. बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये, युनियनमध्ये, विहाराच्या समितीवर, जिथं जिथं पत्रक निघेल तिथं. मी अक्षरं पाटीवर कमी आणि पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर जास्त गिरवली. त्यामुळे लढणारी माणसं कशी असतात याची माझी एक कल्पना होती. ती मूठ वळतात, व्यासपीठावर चढतात, त्यांच्या वाक्यांच्या शेवटी उद्गारचिन्हं असतात. शकुआत्या यातलं काहीच करायची नाही. ती फक्त कानामागे हात धरायची.

तिचं काम गेलं तो दिवस मला तिच्याकडूनच कळला, आणि गल्लीलाही. कुम्हारीच्या बसमधून उतरून ती गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि भाजीवाल्याशी बोलावं तशा सुरात सगळ्यांना सांगितलं, "आमाले काढलं आज. उद्यापासून मी घरीच हावो. कोणाले पोरगं सांभाळाले ठेवाचं असन त ठेवा."

मागून कळलेली गोष्ट अशी. ठेकेदाराच्या मुन्शीनं सगळ्यांपुढे एकेक कागद ठेवला होता. त्यावर लिहिलं होतं की मी माझ्या मर्जीनं काम सोडत आहे. बहुतेकांनी अंगठे उठवले, सह्या केल्या. काम तर गेलंच आहे, कागदावर काय लिहिलंय याला कोण विचारतो! आत्यानं कागद वाचून घेतला आणि मुन्शीकडे सरकवला.

"मर्जी आपकी है भैया, तो साइन भी आप ही कर लो ना."

मुन्शी चिडला. हिशेब अडवीन म्हणाला. आत्यानं कानामागे हात धरला. "ज़ोर से बोलो भैया, क्या अडाओगे?" शेडमध्ये मशीनी बंद होत्या, सगळे ऐकत होते. मुन्शीला ते मोठ्यानं बोलता आलं नाही. आत्यानं सही केली नाही. तिच्या मागे रांगेत प्रभाकर बावणे उभा होता. जाळीच्या मशीनवर काम करणारा, आमच्याच गल्लीतला, आत्यापेक्षा पुष्कळ लहान. त्यानंही सही केली नाही.

त्या एका न केलेल्या सहीची किंमत नंतर कळली. कामगार विम्यात एक तरतूद आहे. काम सुटलं तर काही काळ थोडा भत्ता मिळतो. पण विम्याची वर्गणी पगारातून पुरेसा काळ कापली गेलेली हवी. गैरवर्तनासाठी काढलेलं नको. आणि काम स्वतःहून सोडलेलं नको. ज्यांनी मर्जीचे कागद लिहून दिले त्यांचा दरवाजा तिथंच बंद झाला. आत्या आणि प्रभाकर आत राहिले. मात्र आणखी एक अट होती. अर्ज केल्यावर लगेच काही मिळत नाही, आधी महिनाभर वाट पाहायची. त्या महिन्यात माणूस खरोखर बेरोजगार असला पाहिजे. कुठं कामाला जाताना आढळला तर हक्क गेला.

प्रभाकरचं या भत्त्यावर बरंच अवलंबून होतं. मुन्शीनं त्याला निरोप धाडला होता, परत ये, पण कच्च्यात. म्हणजे रजिस्टरवर नाव नाही, विमा नाही, मजुरी आधीपेक्षा कमी, आणि मशीनमध्ये हात गेला तर तो कोणाचा हात हे कोणालाच ठाऊक नाही. भत्ता मिळाला तर प्रभाकर काही महिने तग धरून पक्कं काम शोधू शकत होता. नाही मिळाला तर त्या मशीनवर जाऊन उभं राहायचं. प्रश्न इतका साधा होता.

आणि या महिन्यात प्रभाकर रोज सकाळी कामावर जायला लागला.

म्हणजे जायला कामच नव्हतं. पण त्याच्या बहिणीसाठी, मनीषासाठी, स्थळं बघणं चालू होतं. भावाचं काम गेल्याचं समजलं तर येणारं स्थळ परत जाईल, हे त्याच्या डोक्यात बसलं. त्यानं गल्लीत सांगितलं की आत्याचं सेक्शन बंद झालं, माझं चालू आहे. सकाळी शर्ट इस्त्री करून, डबा घेऊन तो कुम्हारीच्या बसला निघायचा आणि वाटेतल्या पॉवर हाउस चौकातल्या पुलाखाली दिवसभर बसून संध्याकाळी परत यायचा. बायकोला माहीत होतं. ती डबा भरून द्यायची.

आत्याला तर माहीत होतंच. एकाच दिवशी दोघांना काढलं होतं. रोज सकाळी तो तिच्या खुर्चीपुढून जायचा. ती विचारायची, "डबा घेतला का बाबू?" तो मान हलवायचा. ती पुढे काही बोलायची नाही. दुसऱ्याची गोष्ट आपण सांगायची नाही, ज्याची त्यानं सांगावी, हा तिचा कडक नियम होता.

एक दिवस गल्लीत फाइल घेतलेला एक अनोळखी माणूस आला. नीटनेटका, मोटारसायकलवर, चष्मा लावलेला. कोपऱ्यावरच्या डहाकेकाकांना त्यानं विचारलं, "प्रभाकर बावणे कैसा आदमी है? काम-वाम करता है?"

आता आमच्याकडे हा प्रश्न विचारणारा अनोळखी माणूस एकाच कामासाठी येतो. मुलाकडचे लोक सोयरीक जमवण्याआधी कोणाला तरी गुपचूप गल्लीत पाठवतात, चौकशी करायला. अशा वेळी गल्लीनं काय बोलायचं हे कोणालाही शिकवावं लागत नाही. डहाकेकाका प्लांटमधून रिटायर झालेले, त्यांनी छाती पुढे काढली. "बहुत मेहनती लड़का है साहब. रोज़ सवेरे निकल जाता है. शाम को आता है."

किराणावाले साहूजी वजन करता करता म्हणाले, "एको दिन नागा नइ करय साहब. पानी गिरे तभो जाथे." एक दिवस खाडा नाही, पावसातसुद्धा जातो. हे त्यांनी स्वतःच्या पदरचं घातलं. समोरच्या वहिनी म्हणाल्या की ओव्हरटाइमही करतो. आणि प्रभाकरच्या बायकोनं दार अर्धं उघडून सांगितलं, "ड्यूटी पे गए हैं."

त्या माणसानं सगळं लिहून घेतलं, धन्यवाद म्हणाला आणि गेला. गल्ली खूश झाली. मनीषाचं जमणार म्हणून साहूजींनी तिच्या आईला गुळाचा खडासुद्धा दिला.

तो माणूस विमा कार्यालयाचा होता.

आत्या त्या वेळी घरी नव्हती. असती तर काय झालं असतं, याचा मी खूप विचार केला आहे. आठवड्याभरानं प्रभाकर कार्यालयात विचारायला गेला तेव्हा त्याला सांगण्यात आलं की स्थानिक चौकशीत आपण कामावर जात असल्याचं आढळलं आहे, साक्षीदार चार.

त्या संध्याकाळी तो आत्याच्या खुर्चीपुढे येऊन उभा राहिला. डबा हातातच होता. मी आमच्या पायरीवर बसले होते. तो काहीतरी बोलला. मला फक्त त्याचे ओठ हललेले दिसले.

आत्यानं हात कानामागे नेला.

"आत्या, तुमाले माहीत हाय ना सगळं," तो कळवळून म्हणाला.

"मले आयकू नाई येत बाबू. मोठ्यानं बोल."

"आत्या, मनीषाचं..."

"मोठ्यानं."

त्यानं गल्लीच्या दोन्ही टोकांकडे बघितलं. दिवेलागणीची वेळ, सगळे बाहेरच होते. आणि मग तो ओरडला. तीस-पस्तीस वर्षांचा बाप्या माणूस, डबा छातीशी धरून, डोळे मिटून ओरडला, "माह्यं काम गेलं! महिना होत आला! मी कुठंच जात नाई, पुलाखाली बसून रायतो!"

डहाकेकाका उठून उभे राहिले. "अरे पण... तो साहेब... तो सोयरिकीचा नव्हता?"

"बस इथं," आत्या प्रभाकरला म्हणाली आणि तारेनं बांधलेली आपली खुर्ची त्याला दिली. "उद्यापासून दिवसभर इथं बसाचं. उजेडात."

दुसऱ्या दिवशी तिनं डहाकेकाका, साहूजी आणि समोरच्या वहिनी यांना एका ऑटोत कोंबलं आणि कार्यालयात नेलं. मला बरोबर घेतलं ते अर्ज लिहायला, पण अर्जाची वेळच आली नाही. डहाकेकाका, आयुष्यात कधी खोटं न बोलल्याचा अभिमान असलेले, खिडकीपाशी उभे राहून म्हणाले, "साहब, हमने झूठ बोला था. शादी का मामला समझे."

चष्मेवाला तोच अधिकारी होता. त्यानं आधी कपाळाला हात लावला आणि मग हसू आवरेना म्हणून तोंड फिरवलं. चांगला माणूस होता, हे मला कबूल करावंच लागेल. बाबांच्या ट्रंकेतल्या एकाही पत्रकात असा अधिकारी नाही. तो म्हणाला, पुन्हा येतो, पुन्हा चौकशी करतो.

तो आला तेव्हा प्रभाकर भर दुपारी लाल खुर्चीत बनियनवर बसला होता. गल्लीनं जितक्या अभिमानानं आधी त्याची मेहनत सांगितली होती, तितक्याच अभिमानानं आता सांगितलं, "एकदम खाली है साहब! सुबह से शाम तक कुछ नहीं करता! देख लीजिए!" साहूजी म्हणाले, "पानी गिरे तभो बइठे रहिथे." पावसातसुद्धा बसून असतो. प्रभाकर हसला. कित्येक दिवसांनी मी त्याला हसताना बघत होते.

अधिकाऱ्यानं लिहून घेतलं आणि फाइलचं पुढचं पान उलटलं. "शकुंतला रामटेके? आपका भी आवेदन है ना, अम्मा? आप भी खाली हैं?"

सगळी गल्ली तोंड उघडून तयार होती. हो म्हणायचं होतं, बस. एक शब्द.

"नहीं साहब," आत्या म्हणाली. "मैं हुडको में मेस में रोटी बनाती हूँ. दोनों टाइम."

त्या महिन्यात ती हुडको वसाहतीतल्या त्या मेसला जायला लागली होती. पहिली चौकशी झाली तेव्हा ती तिथंच होती, पोळ्या लाटत. सगळ्यांना माहीत होतं, त्यात लपवण्यासारखं काय म्हणून कोणी बोललं नव्हतं. अधिकारी गोंधळला. त्यानं आवाज खाली आणला आणि तिला वाट काढून दिली, "मतलब... जान-पहचान में थोड़ी मदद करती होंगी. पैसा तो नहीं लेतीं ना?"

आत्याचा हात कानामागे गेला.

"ज़ोर से बोलिए साहब."

त्याला तेच पुन्हा मोठ्यानं विचारावं लागलं आणि तिनं मोठ्यानं उत्तर दिलं, "लेती हूँ. काम करती हूँ तो पैसा क्यों नहीं लूँगी?"

अधिकाऱ्यानं तसं लिहिलं.

तो गेल्यावर मी आत्यावर तुटून पडले. म्हटलं, तो स्वतः वाट देत होता. महिनाभर बेरोजगार राहा म्हणणाऱ्यानं महिनाभर खायचं काय हे लिहिलंय का कुठं? ज्याच्या घरी साठवलेलं आहे तो वाट पाहू शकतो. ज्याच्या घरी नाही त्यानं चार पोळ्या लाटल्या की तो अपात्र! म्हणजे ज्याला गरज सगळ्यात जास्त, तोच पहिला बाहेर. हा कसला नियम? असल्या नियमाशी खरं कशाला बोलायचं?

मी आजही यातला एक शब्द मागे घेत नाही. वाट पाहण्याच्या महिन्यात उपाशी माणूसच पात्र ठरत असेल तर ती अट बदललीच पाहिजे, आणि ती बदलेपर्यंत मी हेच लिहिणार आहे.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. हात कानाला लावला नाही, कारण मी पुरेशी मोठ्यानं बोलत होते.

"तुहं बरोबर हाय," ती म्हणाली. "पण या प्रभाकरले मी गल्लीत उभं करून बोलाले लावलं. अन् आता मीच लपवू?" मग खुर्चीतल्या प्रभाकरकडे बघून म्हणाली, "उठ रे आता. माही खुर्ची हाय ते. मेसवर जायाच्या आधी जराशी बसतो."

प्रभाकरला भत्ता मिळाला. आत्याला मिळाला नाही. मी त्या अटीवर एक पत्रक लिहिलं, 'वाट पाहण्याच्या महिन्यात काय खायचं?' या मथळ्याचं, आणि पहिली प्रत तिला नेऊन दिली. तिनं ती उलटसुलट बघितली आणि मला परत दिली. "वाच. मोठ्यानं." गल्लीत उभी राहून मी ते वाचलं. पत्रक मोठ्यानं वाचलं की त्यातली किती वाक्यं नुसती आवाजासाठी असतात हे कळतं. घरी येऊन मी ती कापली. राहिलं ते अर्ध्या पानावर मावलं, आणि कुम्हारीच्या बसथांब्यावर लोकांनी ते फेकून न देता घडी करून खिशात ठेवलं.

पुढल्या वर्षी तिच्या लेकीनं तिला रायपूरला बोलावून घेतलं. सकाळच्या बसनं ती निघाली. कुम्हारीला उतरणाऱ्या कामगारांनी नेहमीसारखी भरलेली बस. प्रभाकर तिची पेटी चढवायला आला होता. मनीषाचं लग्न झालं होतं, बावण्यांच्या घरात काय चाललंय हे सगळं माहीत असलेल्या घरात. त्याचा भत्ता मात्र केव्हाच संपला होता. मधे काही दिवस एक काम मिळालं आणि तेही सुटलं. कच्च्यात तो गेला नव्हता. खिडकीपाशी उभा राहून तो आत्याला काहीतरी म्हणाला.

आत्यानं खिडकीतून कानामागे हात धरला. प्रभाकर हसला. या वेळी त्यानं इकडेतिकडे बघितलं नाही.

"अजून नाई लागलं काम, आत्या!" तो खणखणीत आवाजात म्हणाला. "पाहून राहिलो!"

बसमधली चार डोकी वळली. दाराजवळ एक माणूस दांडीला धरून उभा होता. इस्त्रीचा शर्ट, पायात सेफ्टी शूज, काखेत डबा. त्यानं प्रभाकरकडे बघितलं आणि चटकन नजर आपल्या डब्यावर नेली.

आत्यानं शेजारच्या सीटवरचं आपलं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं. "आओ भैया, बैठो."

तो बसला. बस हलली. मी तिला शेवटचं बघितलं ते वळणावर, खिडकीच्या चौकटीत. आमच्याकडे तिची पाठ होती. मान त्या माणसाकडे झुकलेली होती, त्याचे ओठ जेमतेम हलत होते, आणि आत्याचा उजवा तळहात सावकाश कानामागे जात होता.